बहिणीच्या रिसेप्शनला शेक्सपिअरचं कुठलं वाक्य म्हणू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. धाकट्या बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, रिसेप्शनला भाऊ म्हणून दोन शब्द बोलायचेत, तिनं इंग्रजी साहित्यात एमए केलंय म्हणून जुन्या इंग्रजी नाटकांतलं प्रेमावरचं एखादं वाक्य तुम्हाला हवंय, आणि नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच दहा-बारा वाक्यं गुलाबाच्या फोटोवर छापलेली. त्यातली खरी कुठली आणि चांगली कुठली, हा प्रश्न. आणि अगदी शेवटी तुम्ही एक ओळ जोडलीये, की चारशे वर्षांपूर्वीच्या राजा-राण्यांच्या नाटकांतून आपल्याला प्रेमाबद्दल खरंच काही कळतं का, की नुसतं मोठं नाव म्हणून आपण माना डोलावतो.

मला तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच वाटते. वाक्य कुठलंही मिळेल हो, पण ते बोलताना तुमचा स्वतःचा त्याच्यावर विश्वास नसेल तर समोर बसलेल्या बहिणीला ते लगेच कळेल.

मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं नाटकं बसवतोय, जास्त करून कॉलेजच्या मुलांबरोबर आणि हौशी ग्रुप्सबरोबर, आणि दर वर्षी एका वर्कशॉपमध्ये शेक्सपिअरचे आणि त्याच्या नंतरच्या नाटककारांचे प्रवेश मराठीतून करून घेतो. तालमीत माझा एक नियम असतो. कोणी एखादं गाजलेलं वाक्य छान आवाज लावून म्हणायला लागलं की मी थांबवतो आणि तीन गोष्टी विचारतो: हे कोण कोणाला म्हणतंय, मागच्या पानावर काय झालं, पुढच्या पानावर काय होणार आहे. ही तीन उत्तरं मिळाली की वाक्याचा रंगच बदलतो, आणि माझ्या मते या नाटकांचं शहाणपण त्या बदलणाऱ्या रंगात असतं, सुट्या वाक्यात ते फारसं सापडत नाही.

तुम्ही पाठवलेल्या यादीतलीच उदाहरणं घेऊ. खऱ्या प्रेमाची वाट कधी सरळ नसते, हे 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं. म्हणणारा लायसँडर, ऐकणारी त्याची प्रेयसी हर्मिया, आणि मागच्या पानावर काय झालंय तर तिच्या बापानं राजासमोर उभं राहून सांगितलंय की मी म्हणतो त्याच्याशी लग्न कर नाहीतर कायद्यानं मर, आणि राजानं त्यात आणखी एक पर्याय घातलाय, जन्मभर जोगीण होऊन राहायचा. अशा वेळी लायसँडर तिला धीर देतोय, म्हणून ते वाक्य गोड आहे, खरंही आहे. पण दोघं पळून निघतात, पुढच्याच अंकात जंगलात त्याच्या डोळ्यांत जादूच्या फुलाचा रस पडतो, जाग आल्यावर समोर हेलेना दिसते, आणि हा गडी हर्मियाला तिथेच झोपलेली सोडून हेलेनाच्या मागे निघून जातो. वाट सरळ नसते ती फक्त बापामुळे किंवा समाजामुळे नाही, आपलं स्वतःचं मनही एका रात्रीत पलटू शकतं, हे लायसँडरला ते वाक्य बोलताना माहीत नाहीये. प्रेक्षकाला पुढे जाऊन कळतं.

त्याच नाटकातलं दुसरं, प्रेम डोळ्यांनी बघत नाही, मनानं बघतं. हे तर लग्नपत्रिकेवर छापलेलं मी स्वतः पाहिलंय. म्हणणारी हेलेना, एकटी, स्वगत आहे ते, आणि ती कौतुक करत नाहीये, तक्रार करतेय. पुढच्या ओळीत ती म्हणते की म्हणूनच तर मदनाला आंधळा रंगवतात आणि प्रेमाच्या या मनाला पारख म्हणून नसते. आणि हे बोलून झाल्यावर लगेच ती ठरवते की जिवलग मैत्रीण हर्मियाच्या पळून जाण्याचं गुपित आपण, जिच्या मागे तो लागलाय तिचंच, आपला जीव जडलेल्या डिमीट्रियसला जाऊन सांगायचं, कशासाठी, तर तेवढाच तो आपल्याशी बोलेल. कुणावर एकतर्फी जीव लावलेल्या माणसाला हा प्रवेश वाचून दाखवा, तो गप्प होतो.

संगीत जर प्रेमाचं अन्न असेल तर वाजवत राहा, हे 'ट्वेल्थ नाइट'चं पहिलंच वाक्य, आणि ऐकायला किती रोमँटिक. पण ते म्हणणारा ड्यूक ऑर्सिनो पुढे म्हणतोय की इतकं वाढा, इतकं वाढा की अजीर्ण होऊन ही भूक मरून जाऊ दे. आणि दोन-चार ओळींतच म्हणतो, पुरे, आता मघासारखं गोड लागत नाही. हा माणूस अख्खं नाटकभर ऑलिव्हियावरच्या प्रेमाबद्दल बोलतो पण तिच्या घरी निरोपे पाठवतो, स्वतः तिच्यासमोर येतो तो थेट पाचव्या अंकात. त्याला प्रेमात असण्याचं प्रेम आहे. मुलांना हा प्रवेश करताना मी सांगतो की ऑर्सिनोला वाईट दाखवू नका, आपण सगळे विशीत काही महिने ऑर्सिनो असतो.

आणि स्वतःशी प्रामाणिक राहा हे जे प्रत्येक ग्रॅज्युएशनच्या भाषणात असतं, ते 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस मुलाला परदेशी जाताना देतो तो उपदेश. तोच बाप पुढच्या अंकात त्याच मुलावर पाळत ठेवायला पॅरिसला माणूस पाठवतो, वर त्याला शिकवून पाठवतो की मुलाबद्दल थोडं खोटंनाटं बोल म्हणजे लोक खरं काय ते सांगतील. आगरकरांनी १८८३ मध्ये या नाटकाचं मराठी भाषांतर केलं तेव्हा नाव 'विकारविलसित' ठेवलं होतं, मला ते फार नेमकं वाटतं, कारण नाटकातली माणसं बोलतात विचार आणि वागतात विकार.

यादीतली दोन वाक्यं तर शेक्सपिअरची नाहीतच. संगीत रानटी काळजालाही शांत करतं, आणि अपमानित स्त्रीच्या रागासारखी आग नरकातही नाही, ही दोन्ही विल्यम काँग्रीव्हच्या 'द मोर्निंग ब्राइड' या १६९७ च्या नाटकातली आहेत. दोन्ही बाद करा, विशेषतः दुसरं. आणि लग्नात जी ती प्रसिद्ध कविता वाचतात, खऱ्या मनांच्या मीलनाला अडथळा नको म्हणणारी, ते शेक्सपिअरचंच, पण सुनीत आहे, नाटक नाही, त्यामुळे चालेल पण तुमच्या प्रश्नात बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल सगळीच वाक्यं खोडून काढली, मग उरलं काय. उरलं ते सांगतो, पण त्याआधी एक कबूल करतो की कुठलं वाक्य चालेल हे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. लग्न कसं ठरलंय, सासरची मंडळी इंग्रजी नाटकाच्या गोष्टीत किती रमतील, तुमचे आईवडील समोर बसून काय विचार करत असतील, बहिणीचं आणि वडिलांचं नातं कसं आहे, हे मला माहीत नाही. म्हणून एकच उत्तर देत नाही, तीन प्रवेश सांगतो, त्यातला कुठला तुमच्या घरात बसतो ते तुम्ही ठरवा.

पण तिन्हीच्या खाली एकच धागा आहे, तो आधी सांगायला हवा. इतकी वर्षं हे प्रवेश करून घेताना माझं एक मत पक्कं झालंय की शेक्सपिअरच्या नाटकांत प्रेम जिथे जिथे मोडतं तिथे कोणीतरी त्याचं माप मागितलेलं असतं, नाहीतर पुरावा. लिअर राजा मुलींना विचारतो की बोला, तुमच्यापैकी कोणाचं माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे, आणि मापाप्रमाणे राज्य वाटायला बसतो. ऑथेल्लो, बायकोबद्दल त्याचे कान भरणाऱ्या इयागोला म्हणतो मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे. आणि पुरावा मिळतोही बघा, एक रुमाल. बायकोच्या हातून पडलेला, दासीनं उचललेला, इयागोनं, ज्याच्याशी तिचं नाव जोडलंय त्या कॅसिओच्या खोलीत टाकलेला. देवलांनी १८९० मध्ये हेच 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं. मला या नाटकात सगळ्यात जास्त हे लागतं की ऑथेल्लो पुरावा शोधत फिरतो, इयागोला विचारतो, दासी एमिलियाला विचारतो, पण ज्या बाईवर आरोप आहे तिला, आपला संशय कोणाबद्दल आहे आणि का आहे हे सांगून, नीट बसून विचारतच नाही. विचारतो ते शेवटच्या रात्री, आणि तेव्हा तो उत्तर ऐकायला आलेला नसतो.

'मच अडू अबाउट नथिंग'मधला क्लॉडिओ तर अजून जवळचा आहे आपल्याला. हिरो नावाची मुलगी त्याला आवडते. आवडल्यावर तो मित्राला विचारतो काय, तर तिच्या वडिलांना मुलगा आहे का. नाही, ही एकटीच वारस. मग तिला मागणीसुद्धा स्वतः घालत नाही, त्याच्या वतीनं त्याचा राजपुत्र मित्र घालतो. लग्नाच्या आदल्या रात्री त्याला लांबून एक खिडकी दाखवतात, खिडकीत हिरोची दासी असते, तो समजतो हिरोच आहे, आणि दुसऱ्या दिवशी भर चर्चमध्ये, सगळ्या पाहुण्यांसमोर, तो तिला नाकारतो. त्यानं तिच्याशी अख्ख्या नाटकात धड बोलणंच केलेलं नसतं. वर्कशॉपमध्ये एका मुलीनं विचारलं होतं की सर, याला प्रेम म्हणायचं कशाला, यानं तर स्थळ पाहिलं. मला तिचं पटलं.

आणि मग त्याच प्रवेशाच्या शेवटी, चर्च रिकामं झाल्यावर, पहिला प्रवेश येतो जो मी तुम्हाला सुचवतोय. बिअट्रिस ही हिरोची चुलत बहीण, बेनेडिक हा क्लॉडिओचा मित्र, आणि ही दोघं नाटकभर एकमेकांना शब्दानं ओरबाडत आलेली. आता ती रडतेय, तो थांबलाय. तो म्हणतो जगात मला तुझ्याइतकं काहीच प्रिय नाही, विचित्र आहे ना हे. तीही कबूल करते. तो खूष होऊन म्हणतो, सांग, तुझ्यासाठी काय करू. ती म्हणते, क्लॉडिओला मार. प्रेक्षागृहात इथे बहुतेक वेळा हसू फुटतं आणि मग एकदम शांतता होते. तो म्हणतो, छे, जगाच्या मोबदल्यात नाही. ती म्हणते मग झालं, येते मी. पुढे जे होतं ते बघा. तो तिला पुरावा मागत नाही. एकच विचारतो, तुला तुझ्या जिवाच्या साक्षीनं वाटतं का की क्लॉडिओनं हिरोवर अन्याय केलाय. ती म्हणते हो. तो म्हणतो, बस, मी त्याला आव्हान देतो. क्लॉडिओनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं निघतं आणि बेनेडिकनं नुसतं तिच्या शब्दावर मानलेलं खरं. नाटककारानं या दोन जोड्या एकाच नाटकात शेजारी शेजारी ठेवल्यात हे मला फार मोठं वाटतं, कारण तो समजावून काही सांगत नाही, फक्त दाखवतो.

हा प्रवेश करताना मुलं हमखास एक चूक करतात, बेनेडिकचं ते शेवटचं 'बस' वाक्य सिनेमातल्या नायकासारखं छाती काढून टाकतात. मी सांगतो, नाही, तो घाबरलेला आहे, जिवलग मित्राशी लढायचंय, बारीक आवाजात घे. घेतलं की अंगावर काटा येतो. तुमच्या बहिणीचा होणारा नवरा असा असेल, तिच्या शब्दावर उभा राहणारा, आणि तुम्ही तसं एकदा तरी पाहिलं असेल, तर हाच प्रवेश सांगा आणि ते तुम्ही पाहिलेलंही सांगा. पाहिलं नसेल तर नका सांगू, उगाच कौतुक केल्यासारखं होतं.

दुसऱ्या प्रवेशाआधी, तिन्हींत न धरता, रोझलिंडबद्दल थोडक्यात. 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये ती मुलाच्या वेषात जंगलात आहे, आणि ऑर्लँडो तिच्या नावाच्या कविता झाडांवर लटकवत फिरतोय, बऱ्यापैकी वाईट कविता. तो म्हणतो ती मिळाली नाही तर मरेन. ती त्याला सांगते की माणसं मरत आली आहेत, किडे त्यांना खात आले आहेत, पण प्रेमापायी कोणी मेलेलं नाही. तो म्हणतो तिला मी जन्मभर आणि वर एक दिवस सांभाळीन, ती म्हणते नुसता एक दिवस म्हण, जन्मभर सोड, पुरुष मागे लागलेले असताना वसंत असतात आणि लग्न झालं की डिसेंबर. ऐकायला कोरडं वाटेल, पण तो निघून गेल्यावर हीच मुलगी बहिणीला सांगते की मी किती खोल बुडालीये याचा तळ लागत नाहीये. म्हणजे बुडालेली असूनही ती त्याचं वचन उगाच मोठं होऊ देत नाही, पेलेल एवढंच मागते. हा प्रवेश मी स्टेजवरून सांगायला सुचवणार नाही, दोन मिनिटांत पोचत नाही. पण बहिणीला आधी एकटीला भेटून वाचून दाखवा, तिला आवडेल.

दुसरा प्रवेश शेक्सपिअरचा नाही, वर ज्याचं नाव आलं त्या काँग्रीव्हचा, 'द वे ऑफ द वर्ल्ड', साल १७००. नाटककार तेव्हा तीस वर्षांचा. त्यात मिलामँट आणि मिराबेल ही दोघं लग्नाला हो म्हणायच्या आधी समोरासमोर बसून अटी ठरवतात, अगदी कलमवार. तिच्या अटी ऐका. चारचौघांत मला जानू, राणी, असल्या नावांनी हाक मारायची नाही. मला हवं त्याच्याकडे मी जाईन, हवं त्याला बोलावीन, मला आलेल्या पत्रांबद्दल चौकशी करायची नाही. मी म्हणेन तेव्हा जेवेन, मूड नसेल तर माझ्या खोलीत एकटी जेवेन, कारण द्यायला लागू नये. माझी खासगी खोली आणि माझं चहाचं टेबल माझं. आणि खोलीत येण्याआधी दार वाजवायचं. हे सगळं मान्य केलंस तर हळूहळू मी बायको होण्यापर्यंत आकसत जाईन, असं ती म्हणते. मग तोही त्याच्या अटी घालतो, काही बऱ्या, काही आज ऐकवणार नाहीत अशा.

हे नुसतं लाडिक भांडण म्हणून केलं तर पडतं, हे मी अनुभवानं सांगतो. मी पहिल्यांदा बसवलं तेव्हा सगळं हसरं ठेवलं होतं आणि प्रवेश लागलाच नाही. नंतर मुलांना त्या काळचा कायदा समजावला, की इंग्लंडमध्ये तेव्हा लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याच्या ताब्यात जायचा, विवाहित बाईला आपली मालमत्ता आपल्या नावावर ठेवायचा हक्क देणारा मोठा कायदा आला तो १८८२ साली. म्हणजे ही मुलगी हसत हसत जे मागतेय ते तिला लग्नानंतर कोणी कोर्टही देणार नाही, फक्त समोरचा माणूस देऊ शकतो, त्याच्या शब्दावर. हे कळल्यावर माझ्या मिलामँटनं दार वाजवायचं वाक्य म्हणताना पहिल्यांदाच मिराबेलच्या डोळ्यांत बघितलं आणि प्रवेश उभा राहिला.

त्या प्रवेशात ती एक गोष्ट म्हणते ती मला लग्नाबद्दल ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांत श्रेष्ठ वाटते, मी तिचा मराठीत असा अर्थ लावतो: आपण एकमेकांशी इतकं परकेपणानं वागू या की जणू लग्नाला कैक वर्षं झालीत, आणि इतकं अदबीनं वागू या की जणू लग्न झालेलंच नाही. परकेपणा ऐकायला खटकेल, पण तिला म्हणायचंय की माणूस आपला झाला म्हणून त्याच्या खोलीचं दार आपलं होत नाही. दोन्हीकडची मंडळी हसरी असतील आणि बहिणीचा स्वभाव मोकळा असेल तर ही अटींची यादी तुम्ही सांगू शकता, लोक हसतील आणि दार वाजवायची अट लक्षातही ठेवतील. सासरी कोणाला आधीच वाटत असेल की मुलगी जरा जास्तच शिकलेली आहे, तर मात्र हे टाळा, पहिल्याच दिवशी तिच्यावर शेरे नकोत.

इथवरचं एकदा थोडक्यात बघून घेऊ: एक, बिअट्रिसच्या शब्दावर विश्वास ठेवणारा बेनेडिक, दोन, अटी घालणारी मिलामँट, आणि आता तिसरा, जो मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. 'किंग लिअर'चा पहिलाच प्रवेश.

आपल्याकडे लिअर म्हटलं की 'नटसम्राट' आठवतं, शिरवाडकरांना त्याची प्रेरणा लिअरवरूनच मिळाली होती, त्यामुळे गोष्टीचा सांगाडा तुमच्या पाहुण्यांना ओळखीचा आहे, म्हाताऱ्या बापानं मुलांना सगळं वाटून टाकलं आणि स्वतः उघड्यावर आला. पण पहिल्या प्रवेशात एक लग्नही ठरतं, हे बहुतेकांना आठवत नाही. धाकटी कॉर्डेलिया, तिच्यासाठी दोन स्थळं दरबारात आलेली आहेत, फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक. थोरल्या दोघी बापाला तोंडभरून सांगतात की तुमच्याशिवाय आम्हाला दुसरं सुख नाही. कॉर्डेलियाची पाळी येते तेव्हा ती म्हणते, काही नाही. मग समजावते की मुलगी म्हणून जेवढं देणं आहे तेवढं प्रेम मी करते, त्याहून जास्त नाही, कमी नाही, आणि माझ्या बहिणी जर सगळंच प्रेम तुमच्यावर करतात तर त्यांनी लग्नं कशाला केली, माझं लग्न होईल तेव्हा अर्धं प्रेम मी त्याच्याकडे घेऊन जाणार आहे. बाप भडकतो, तिला राज्यातून काढतो, आणि दोन्ही स्थळांना सांगतो की हिच्याबरोबर आता काही मिळणार नाही, फक्त माझा शाप मिळेल, हवी तर न्या.

बर्गंडी म्हणतो, कबूल केलेला वाटा द्या, आत्ता घेऊन जातो. नाही म्हटल्यावर माफी मागतो. फ्रान्सचा राजा म्हणतो की मुख्य गोष्ट सोडून इतर हिशेब ज्यात मिसळलेत ते प्रेम नव्हेच. आणि मग बर्गंडीला म्हणतो, घेणार का तिला, ती स्वतःच हुंडा आहे.

हेच ते वाक्य. इंग्रजीत पाच शब्द आहेत, आणि आपल्या भाषेत, आपल्या मांडवात ते इंग्लंडपेक्षा जास्त लागतं. आणि माझे तिन्ही प्रश्न लावून पाहा. कोण म्हणतंय, तर ज्याला ते म्हणून काहीच मिळणार नाहीये असा माणूस. मागच्या पानावर काय झालंय, तर तिच्या बापानं तिची किंमत शून्य करून टाकलीये. पुढच्या पानावर काय, तर तो तिला खरोखर घेऊन जातो, राणी करतो. बाकीच्या यादीतलं प्रत्येक वाक्य पुढच्या पानावर जाऊन डळमळतं, हे डळमळत नाही. हा राजा त्यानंतर नाटकात परत दिसतही नाही, त्याचं काम त्या एका प्रवेशात झालेलं असतं.

एक सांभाळा. तुमच्या घरात देण्याघेण्याची बोलणी झाली असतील, उघड किंवा मानपानाच्या नावाखाली, तर हे वाक्य म्हणू नका. एकतर कोणालातरी टोचेल आणि ते बहिणीवर निघेल, नाहीतर आपणच खोटे पडू. झाली नसतील तर अगदी निर्धास्त म्हणा. आणि लिअर शोकांतिका आहे, कॉर्डेलिया शेवटी मरते, हे बहिणीला माहीत असणारच, त्यामुळे नाटकाचं नाव घेताना तिच्याकडे बघून घ्या. ते मरण लोकांना इतकं सोसत नव्हतं की १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या माणसानं शेवट बदलून कॉर्डेलियाचं लग्न लावून दिलं, आणि पुढे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगमंचावर त्याचाच अंमल राहिला. मी टेटला दोष देत नाही. मलाही दर वेळी वाटतं की ती वाचायला हवी होती.

आता तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर, यातून खरंच काही कळतं का. मला एक तालीम आठवते. लिअरचा चौथा अंक, बाप वेड लागून, सगळं गमावून कॉर्डेलियासमोर आलाय, तिला ओळखतो आणि म्हणतो की विष दिलंस तरी पिईन, तुझं माझ्यावर प्रेम नसणार ते मला माहीत आहे, तुझ्या बहिणींकडे माझा राग करायला कारण नव्हतं, तुझ्याकडे आहे. ती उत्तर देते की कारण नाही, कारण नाही. माझी कॉर्डेलिया हे वाक्य रडत, ओढून म्हणत होती आणि ते काही केल्या खरं वाटत नव्हतं. शेवटी मी विचारलं, तुझे बाबा तुला सॉरी म्हणाले तर तू काय म्हणशील. ती पटकन म्हणाली, काही नाही हो बाबा, काही नाही. आणि आम्ही दोघंही गप्प झालो, कारण पहिल्या अंकात हिच मुलगी बापाला म्हणालेली असते, काही नाही. इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत एकच झाला. पहिल्या अंकात त्या दोन शब्दांनी बापाचं घर मोडलं होतं आणि चौथ्या अंकात त्याच दोन शब्दांत ती त्याला सगळं माफ करते, आणि माफ करतेय हे त्याला कळूही देत नाही. तिच्याकडे कारण होतं, भरपूर होतं. त्यानंतर मी लिअर जितक्या वेळा करून घेतलं तितक्या वेळा मराठीत ही जागा अशीच ठेवली.

तुमच्या भाषणासाठी: गोष्ट मराठीत सांगा, दीड मिनिटात बसते. दोन स्थळं, रागावलेला बाप, रिकाम्या हातानं उभी असलेली मुलगी, मागे सरलेला बर्गंडी. मग थांबा, एक श्वास, आणि फ्रान्सच्या राजाचं वाक्य म्हणा, आवाज न चढवता, शक्यतो पाहुण्यांकडे न बघता नवरदेवाकडे बघून. त्याच्यापुढे काही जोडू नका, माइक खाली ठेवा. आणि घरी चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून बघा, कारण बहिणीच्या लग्नात त्या वाक्यापाशी आवाज धरतो, तेव्हा निदान तोंडाला वाट माहीत असलेली बरी.